इंग्रजी विनोद, अमेरिकन विनोद

मद्रासच्या गुंडोकाकांची अख्खी कारकुनी इंग्रज साहेबाच्या हाताखाली गेलेली. त्यामुळे इस्पितळातला इंग्रज डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "दिवाळीसाठी नवा कोट शिवायला टाकू नका," तेव्हा काकू रडू लागली, पण काका खोकला लागेस्तोवर हसले.

"अय्यो कनका, रडतेस काय? इंग्रजांचा विनोद असाच असतो, चेहरा हलत नाही. शिंप्याला सांग, माप जुनंच."

संध्याकाळी दुसरं मत द्यायला मिशनचा अमेरिकन डॉक्टर आला. काकांच्या पाठीवर थाप मारून खदखदून हसला. "शुक्रवारी तुम्ही घरी!"

तो गेल्यावर काका काकूला म्हणाले, "अमेरिकन माणूस विनोद करताना आधी स्वतःच हसतो. शुक्रवार नव्हे, तू रविवार धर."

शुक्रवारी काका घरी आले, पांढऱ्या चादरीखाली.



विनोद दोघांपैकी कुणीच केला नव्हता.