शेवटच्या ओळीतलं नाव

मराठीच्या बाईंच्या नवऱ्याची वाचा अर्धांगाच्या झटक्यात गेली. त्याला बोलायला शिकवणारी मुलगी म्हणाली, “काकू, बोलणं जातं, पण कधीकधी तालात पाठ केलेलं राहतं.” बाईंनी टेबलावर बोटांनी ताल धरला आणि चाळीस वर्षांपूर्वी त्यानं त्यांना मागणी घालताना लिहिलेल्या कवितेची पहिली ओळ स्वतः म्हटली. तो पुढची ओळ म्हणताना अडखळला, मग यमकं जुळवत शेवटापर्यंत पोचला: “चल ना माझ्या घरी, सखी.” मुलगी आनंदली. मूळ कवितेत तिथं बाईंचं नाव होतं. तेव्हा कारखान्यात लेथ चालवणाऱ्या त्याच्यासमोरच बाईंनी मात्रा मोजल्या आणि “वृत्त मोडतंय,” म्हणून हसत ते खोडून ‘सखी’ लिहिलं होतं. आता त्यांनी त्याचा हात धरला. “मोडू दे वृत्त. माझं नाव घे.” त्याचे ओठ बराच वेळ हलले. “सखी,” म्हणून तो शाबासकीची वाट पाहू लागला.