शेवटची आच

"टोक गोल कर," म्हातारा म्हणाला. "टोकदार सुरीनं कातडं भोसकलं जातं. सोलायची सुरी पोटाला रुंद आणि नाकाला बोथट पाहिजे. इतकी जनावरं सोललीस, आणि एवढंही कळेना?"

"राहू द्या बाबा. माझ्या हाताला असंच बरं वाटतं."

लेक ऐरणीवर ठोकत राहिली. जुन्या कानशीचं पोलाद चिवट असतं, तरी तिनं ते लांबट, निमुळतं करत आणलं होतं. डावं मनगट मोडून वाकडं जुळलेलं, म्हणून सांडशी काखेत दाबून धरावी लागे. मनगट कसं मोडलं हे तिनं सांगितलं नव्हतं, आणि म्हाताऱ्यानं विचारलंही नव्हतं. ती सासरहून एका पिशवीनिशी आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, मला तुमचं काम शिकवा.

म्हाताऱ्याला तेव्हा आनंदच झाला. कातडी कमावणाऱ्याच्या अंगणात वासापायी कोणी फिरकत नाही. निदान बोलायला घरचं माणूस मिळालं. या घरात हत्यार विकत आणायची पद्धत नव्हती. ज्यानं त्यानं आपलं पातं आपणच ठोकायचं, आपल्या मुठीच्या मापानं. शेवटची आच मात्र घरातल्या मोठ्यानं द्यायची. लालभडक पातं तेलात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. ते पुन्हा निखाऱ्यांवर हळूहळू शेकायचं आणि वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की झटकन काढायचं. तो रंग ओळखायला जुना डोळा लागतो. न शेकलेलं पातं दिसायला अगदी झकास. जोर पडला की कडकन दोन तुकडे.

पण आता त्याचं लक्ष त्या पात्यावरून हटेना. लेकीनं दुसऱ्या बाजूलाही धार काढायला घेतली होती. दोन धारांच्या सुरीनं कोणी कातडं सोलत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. आदल्या दिवशी बोकड सोलताना ती मध्येच थांबली होती.

"बाबा, बरगड्यांमधून सुरी सरळ आत जाते, की आडवी धरावी लागते?"

"सोलायला बरगडीच्या आत कशाला जायचंय?"

ती पुन्हा सोलायला लागली. म्हाताऱ्यानं तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. आता त्याची खात्री पटली. पोरगी काम शिकायला आलीच नव्हती. सुरी तयार झाली की ती सासरी परत जाणार होती.

जावई मेला असता तर म्हाताऱ्यानं टिपूस गाळलं नसतं. पण पोरगी जन्मभर गजाआड सडली असती, आणि ते त्याला बघवलं नसतं. नको म्हणावं, तर ती बापावरच गेलेली. एकदा मनात घेतलं की मागे हटायची नाही. सुरी हिसकावून घेतली तर दुसरी ठोकेल, तीही त्याच्या नजरेआड.

तेलातून पातं निघालं तेव्हा त्यानं तिला विहिरीवर पाण्याला पाठवलं. मग पातं निखाऱ्यांजवळ नेलंच नाही. रंग दिसू नये म्हणून वर काजळी चोळली, मुठीला चामडं गुंडाळलं, आणि भट्टीपुढे नुसताच बसून राहिला. उभ्या आयुष्यात त्यानं असं खोटं काम केलं नव्हतं. स्वतःचीच शरम वाटली त्याला. पण जीव भांड्यात पडला. पहिल्या घावाला सुरी मोडेल, जावयाला फार तर ओरखडा येईल, पोरगी वाचेल.

"झाली?" लेकीनं घागर खाली ठेवत विचारलं.

"झाली. आता मोडते म्हटलं तरी मोडायची नाही."

तिनं सुरी तळहातावर तोलली आणि कमरेला खोचली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. आल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं अंगणात ओलं कातडं चौकटीवर ताणत होती. फाटक वाजलं. जावई आत आला, वळला, आणि त्यानं फाटकाला आतून कडी घातली. ओंडक्यात रोवलेली कुऱ्हाड उपसून हातात घेतली. त्याला घाई दिसत नव्हती.

"न्यायला आलोय," तो म्हणाला. "आपल्या पायांनी येते का, तेवढं तिला विचारा."

म्हाताऱ्यानं लेकीकडे पाहिलं. ती दचकली नव्हती.

"येतो म्हणून त्याचा निरोप आला होता मागेच," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही रिकाम्या हातानं अंगावर गेला असतात त्याच्या."

म्हाताऱ्याची नजर पलीकडे गेली. त्याची स्वतःची हत्यारं पलीकडच्या पडवीत होती आणि मध्ये जावई उभा होता. ती सुरी कुचकामी आहे, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण तिला ऐकू गेलं असतं ते जावयालाही गेलं असतं. तो कातडं सोडून पुढे झाला. लेकीनं त्या वाकड्या हातानंच त्याची बाही धरली, त्याला आपल्या पाठीमागे ओढलं, आणि कमरेची सुरी काढली.

"तुम्ही मागे राहा बाबा," ती म्हणाली. "तुमचा हात लागलाय हिला. मला आता भीती नाही वाटत."