आठवं बटण

हात थरथरू लागल्यावर बाबांना माउस धरवेना, म्हणून लेकाने ट्रॅकबॉल आणून दिला. तो जागचा हलवायचा नाही. मधला गोळा बोटांनी फिरवायचा, भोवती आठ बटणं. कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टिमवर एकेक बटण कामाला लावण्यात लेकाने अख्खी सुट्टी घातली. सात झाली. बाबांना खरं तर एकच हवं होतं.

"दाबलं की तुला फोन लागेल, असं एक कर की रे."

"आठवं त्यालाच ठेवलंय, बाबा. परत गेलो की तिकडूनच जोडून टाकतो. तुम्ही अधूनमधून दाबून बघत जा. रिंग ऐकू आली की समजा, झालं."

तिकडे गेल्यावर आज करू, उद्या करू करत ते राहूनच गेलं.

पुढे केव्हातरी तो आला, तेव्हा आठव्या बटणाचा रंग पार उडालेला होता.

"रोज चहा झाला की दाबायचे," आई म्हणाली. "आज झालं असेल, म्हणायचे. हल्लीच बंद केलंय."

तो कॉम्प्युटरसमोर बसला. बटणांच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीचं तर काम होतं. हातातला चहा गार व्हायच्या आत झालं. त्याने बाबांचं बोट धरून बटण दाबलं. त्याच्या खिशातला फोन वाजला. बाहेर काढला, तर स्क्रीनवर 'बाबा'.

बाबांनी वाकून ते वाचलं आणि अदबीने म्हणाले, "घ्या ना फोन. वडील वाट बघत असतील तुमची."