खाणीतली करवंदं
गावामागच्या डोंगराची खडी वीस वर्षं दयारामनं डंपरमधून वाहिली. बायको सत्यवती त्याला एकदाच म्हणाली, “गुरं चरायची तो डोंगर तुमीच भरून नेलात.” ती वारली त्या वर्षी खाणही बंद पडली. तेव्हापासून तो रोज घमेल्यानं माती वाहून खाणीच्या तळाशी रोपं लावत होता. गावातलं कोणी मदतीला आलं नाही. बरीच रोपं उन्हानं जळाली. पाचव्या उन्हाळ्यात करवंदीच्या एका जाळीला काळी फळं आली. त्यानं तिथूनच पनवेलला मुलाला फोन लावला. “निकेत, खाणीत करवंदं पिकलीत.” “बाबा, एवढ्यासाठी फोन? इथं बाजारात मिळतात की.” “व्हय, मिळत असतील,” तो म्हणाला. फोन बंद झाल्यावर हे सांगावं असं दुसरं कोणी आठवेना. त्यानं एक करवंद तोंडात टाकलं, बिया तळहातावर घेतल्या आणि शेजारच्या कपारीत माती भरू लागला.