बटणांचा डाव

मी पोकर खेळतो आणि माझा एकच नियम आहे: पत्ते कितीही वाईट येवोत, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलता कामा नये. सरावासाठी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लेकीला समोर बसवायचो. पैशांच्या जागी शर्टाची जुनी बटणं. सुरुवातीला वाईट पत्ते आले की तिचा खालचा ओठ लगेच बाहेर यायचा आणि मी ओरडायचो, "दिसलं!"

"पोरीचा दगड करून ठेवशील एक दिवस," बायको भांडी पुसता पुसता म्हणायची.

पण सहा महिन्यांत पोरगी अशी तयार झाली, की तिच्या हातात काय आहे ते मलाच कळेना. मी कौतुकाने गावभर सांगत सुटलो.

आज शाळेतून तिच्या बाईंचा फोन आला. "महिनाभर मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुली तिला बाथरूममध्ये कोंडून ठेवत होत्या. आम्हाला आजच कळलं. घरी काहीच बोलली नाही का हो?"

ती घरी आल्या आल्या मी तिला जवळ घेतलं. "अगं, महिनाभर एका शब्दाने बोलली नाहीस?"

तिने नेहमीसारखं शांतपणे माझ्याकडे पाहिलं.


"एकदा तरी दिसलं का, बाबा?"