नेम ऑफ पेशंट

"नेम ऑफ पेशंट?" रोहिणी मॅडमनी कानाला डस्टर लावून विचारलं.

समोर चंद्रावती उभी होती. गडब गावची, पन्नाशीची, भातशेतीत आयुष्य गेलेली. तिच्याही कानाला फोन होता. तो खरा होता, पण बंद होता. तिने पदर सारखा केला.

"दर्शनाज फादर."

"दर्शना कोण, ते त्या नर्सला काय माहीत? नाव सांगा, ताई. नाव."

"ते नाय जमायचं, मॅडम."

पेणच्या गणपतीच्या कारखान्यावरची ती खोली. खाली मूर्तींना रंग लागायचा, वर माणसांना इंग्रजी. खालचं काम जास्त टिकाऊ होतं. वर्गात प्रत्येकाचं काही ना काही अडलेलं होतं. प्रविणचं कंपनीत प्रमोशन अडलं होतं, म्हणून तो इंग्रजी शिकत होता. म्हणजे येऊन बसत होता. चंद्रावतीचं नवऱ्यावर अडलं होतं. तो मस्कतला वेल्डर. कामावरच कोसळला, तेव्हापासून तिथल्या इस्पितळात होता. लेक दर्शना रोह्याजवळ वरशाला दिलेली. तीच इस्पितळात फोन करायची आणि आईला कळवायची.

"लेक बोलते, बाबा बरे हायत," चंद्रावतीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "पण बरे हायत बोलून लगेच इचारते, तू जेवलीस का. मना समोरच्या बाईलाच इचारायचं हाय."

समोरची बाई फिलिपिन्सची नर्स होती. तिला हिंदी येत नव्हतं, आणि पेशंटचं नाव कळल्याशिवाय ती काही सांगत नव्हती.

रोहिणी मॅडम यात तयार होत्या. वेगवेगळ्या संस्कृतींत इंग्रजी कसं शिकवावं, याचं शिबिर त्यांनी पुण्याला केलं होतं. जपान्याची चूक चारचौघांत काढू नये, अरबाला डाव्या हाताने कागद देऊ नये, हे त्यांना पाठ होतं. गडबच्या बाईबद्दल शिबिरात काही नव्हतं. ती आपलीच माणसं, ती ठाऊक असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. स्वतः मॅडम नवऱ्याला नावाने हाक मारत, आणि तो 'ओ'ही देई. तेव्हा त्यांनी निदान केलं, लाज. लाजेवरचे उपाय शिबिरात भरपूर सांगितले होते.

"बरं, उखाण्यात घ्या," मॅडम म्हणाल्या. "उखाण्यात तर घेताच ना?"

"उखाण्याला शुभकार्य लागतं गो बाय. दवाखान्यात कोण उखाणा घेतो?"

शेवटी प्रविणने मध्यस्थी केली. "काकी, नाव नका घेऊ. नुसतं वळखू द्या. कुठल्या देवाचं हाय?"

"रामाच्या पायाशी बसतो त्याचं."

"मग मंकी गॉड सांगा. जगात कुठंपण चालतं."

चंद्रावतीने ते मनावर घेतलं. घरी जाऊन खरोखरच फोन लावला. दुसऱ्या दिवशी तिनेच वर्गात सांगितलं, की नर्सने दोनदा विचारलं, तिने दोनदा मंकी गॉड सांगितलं, मग पलीकडून सॉरी ऐकू आलं आणि फोन बंद झाला. वर्ग पोट धरधरून हसला. पदर तोंडाला लावून तीही हसली. मग हसता हसता विचारलं, "मॅडम, सॉरी म्हंजे बरं का वाईट?"

मॅडमनी सांगितलं, काही नाही, रीत असते तिकडची.

त्यानंतर ती यायची बंद झाली. आपण हसायला नको होतं, असं मॅडमना वाटलं. जपान्याला त्या हसल्या नसत्या.

एका दुपारी ती परत आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. कपाळ मोकळं होतं. पेणच्या उन्हात टिकली कुठे टिकते. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी चालू धडा थांबवला आणि डस्टर उचललं.

"नेम ऑफ पेशंट?"

"मारुती पांडुरंग म्हात्रे."

ती अडखळली नाही. तिने खालीही पाहिलं नाही. मॅडमनी ऐकू न आल्यासारखं करून परत विचारलं, तर तिने परत सांगितलं. पहिल्यापेक्षा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. वर्गाने टाळ्या वाजवल्या. प्रविण तर उभा राहिला. पुढच्या शिबिरात हे कसं मांडायचं, याची मॅडमच्या मनात जुळवाजुळव सुरू झाली.

"शाबास. आता पुढचं वाक्य. हाऊ इज ही?"

"ते नको," चंद्रावती म्हणाली. "त्यांना कवा पाठवताय, ह्याला काय बोलतात तेवढं सांगा. दर्शनाच्यानं फोनवर बोलवत नाय."

"पाठवतायत? अहो, मग पेढे कुठे आहेत?" मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत वाक्य लिहिलं. "म्हणा. व्हेन विल यू सेंड हिम?"

"व्हेन विल यू सेंड हिम," ती म्हणाली. मग ओठातल्या ओठात तेच घोळवत राहिली.

मॅडम वर्गाकडे वळल्या. "पाहिलंत? एकदा लाज गेली की सगळं येतं."

"लाज कवा व्हती, मॅडम," फळ्यावरची नजर न काढता चंद्रावती म्हणाली. "नाव घेतलं का मालकाचं आयुष्य कमी व्हतं. आता घेतलं तरी चालतं."