पहिला घोट मंजुळाबायचा

दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं, तेव्हा विश्रामच्या अंगात आनंद करण्याइतकंही त्राण नव्हतं. पापण्यांवर दगडाची भुकटी, कानांत कॉम्प्रेसरची घरघर. बावीस वर्षं त्याने जमिनीला भोकं पाडली. आता जमीनच त्याचे गुडघे ओढू लागली होती.

डोंबिवलीच्या खाडीकाठची ही कोळीवाड्याची वाळवणाची जागा. कोळ्यांना न विचारताच ती विकली गेली होती. सुकत घातलेले बोंबील बाजूला सारून बोअरची गाडी उभी केली होती. चार इमारतींचे नकाशे मंजूर होते. अडलं होतं फक्त पाण्यावाचून. बिल्डर लेलेसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गोडं पाणी लागलं तर पुढचे दहा बोअर इथेच, वर्षभराचं काम. विश्रामचं घर जवळच, आंबिवलीला. खारं लागलं, तर गाडी जालन्याला आणि बायकोचं तोंड दिसणार थेट गणपतीत.

पहिला घोट गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला, हा त्याचा नेम. पाणी निवळल्यावर मंजुळाबाय पुढे झाली. रेल्वे फाटकाजवळच्या टँकरवरून हंडे वाहून तिच्या टाळूवरचे केस झिजले होते. तिने ओंजळ भरली, पाणी तोंडात घोळवलं आणि थुंकून टाकलं.

"खारा हाय, बाला."

मागोमाग रंगूबाई, सखुबाई, झाडून साऱ्या बायका आल्या. एकेक घोट, एकेक थुंकी. याच्यात आमटी केली तर मिठाचा खर्च वाचेल, असं रंगूबाई म्हणाली. कुणी हसलं नाही.

लेलेसाहेब असलं पाणी तोंडात घेणाऱ्यातले नव्हते. त्यांनी विश्रामच्या हातात बाटली दिली.

"बायकांच्या जिभेवर मी साइट सोडणार नाही. ही भरून उद्या वागळे इस्टेटच्या लॅबमध्ये द्या. रिपोर्ट चांगला आला, तर सोमवारी कुंपण."

जीप गेली. बायका रिकामे हंडे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. विश्रामने बाटली भरली. मग ओंजळभर पाणी स्वतः प्यायला आणि खालीच बसला.

"घरी कोन हाय रं?" मंजुळाबायने विचारलं.

"बायको."

"वाट बघत आसंल."

"हो."

मग गुडघ्यांवर हात रोवून तो उठला, बाटलीतलं शहाळ्यासारखं गोड पाणी त्याने मातीत ओतलं, आणि ती पुन्हा भरायला खाडीत उतरला.